दासरी बाईंच्या खेळाची तिसरी आवृत्ती

दासरी बाई चिडल्या की तेलुगूत आकडे मोजायच्या. दहापर्यंत मोजलं की राग उतरतो, असं त्यांना लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. चारच्या पुढे त्या गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. चारला हातातला खडू फळ्यावर फुटायचा, नाहीतर खुर्ची मागे सरकायची, आणि मग पाचवीपासून अकरावीपर्यंतच्या सगळ्या वर्गांना कळायचं की आज बाई कुणावर तरी बरसल्या.

मी सोलापुरात त्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. चित्रकला शिकवायची आणि गरज पडेल तिथे मराठी. नोकरी तात्पुरती. दासरी बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या. वय चाळीसच्या आसपास, अंग भरलेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत जाड वहाणा. रस्त्याच्या कडेनं चालणं त्यांना माहीत नव्हतं. सात रस्त्याच्या चौकातसुद्धा मधून चालायच्या. टांगेवाला ओरडला तर उलट त्याच्यावरच ओरडायच्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती भाकरी त्या अशी मोडायच्या की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. "कुणाला राग आला तर येऊ दे, भाकरी मोडणार," म्हणायच्या.

त्यांचं अक्षर भयंकर होतं. फळ्यावरचं मुली अंदाजानं उतरवून घ्यायच्या. कागदावरचं तर पूर्ण शाळेत एकट्या मला लागायचं, त्यामुळे त्यांचे अर्ज, अहवाल, प्रश्नपत्रिका मी उतरवून द्यायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

तो बहात्तरचा दुष्काळ. शहरात नळाला दोन दिवसांआड पाणी, आणि ज्यांचे नातेवाईक खेड्यात त्यांच्या घरी रोज नवी माणसं येऊन राहिलेली. सहामाहीला बाईंनी प्रश्न घातला: दुष्काळाचे परिणाम लिहा, गुण पाच. स्टाफरूममध्ये त्या आठवीचे पेपर तपासत बसल्या होत्या. एकाएकी मोजायला लागल्या, आणि नालुगु म्हणताच सगळा गठ्ठा टेबलावर आपटला.

"एक्केचाळीस मुली. एक्केचाळीस पेपरांत तीच चार वाक्यं! एक, अन्नधान्याची टंचाई होते. दोन, जनावरांना चारा मिळत नाही. अगं, ही रुक्मिणी बघ. हिची आई तिकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडतेय. स्वतः ही पोरगी दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी खाऊन शाळेत येते. आणि लिहिते काय? 'जनजीवन विस्कळीत होते'!"

"पुस्तकात तसंच आहे ना बाई," मी म्हटलं.

"तेच की! पुस्तकात आहे म्हणून घरातलं विसरली."

दोन दिवसांनी बाई एक मोठी गुंडाळी घेऊन वर्गात आल्या. त्यांचे वडील चादरींच्या नक्षीचे नमुने काढायचे; बारीक चौकटीचा तो कागद घरात ढिगानं असायचा. त्यावर बाईंनी एक गाव काढलं होतं. तलाव, तीन विहिरी, बाजार, देऊळ, दर्गा, बाहेर जाणारा रस्ता. बाकं सरकवून त्यांनी तो कागद जमिनीवर अंथरला आणि मुलींना भोवती बसवलं. प्रत्येकीला एक चिठ्ठी लिहायला लावली. तू कोण? वय काय? तुला काय चांगलं येतं? तुला कशाची भीती वाटते?

मग म्हणाल्या, "दोन वर्षं पाऊस नाही. तलाव आटला. तीनातल्या एका विहिरीला पाणी आहे, तेही गुडघाभर. बोला, काय करता?"

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तरी मुली उठल्या नाहीत.

पहिली वही अशी जन्मली. दोन पानं, सात नियम. 'मी करते' असं म्हणायचं, 'ती करते' असं नाही. जे बोललं ते केलं असं धरायचं, मागं घेता येणार नाही. काय होईल ते बाई सांगतील. आणि बाईंनाही ठाऊक नसेल तेव्हाच सहा कवड्या टाकायच्या; उताण्या जास्त पडल्या तर बरं, पालथ्या जास्त तर वाईट. बस्स. एवढ्या दोन पानांवर मुलींनी चार महिने ते गाव चालवलं. त्यात चोऱ्या झाल्या, एक लग्न झालं, एक म्हातारी वारली तेव्हा तीन मुली खरोखर रडल्या. बाई म्हणजे त्या गावचा पाऊस, पोलीस, नशीब सगळं काही. त्यांनी आवाज खाली आणून "रात्री विहिरीवर कुणीतरी आलं" म्हटलं की मागच्या मुली पुढच्यांना चिकटायच्या.

ह्या स्वर्गात खोट काढली ती मेहरुन्निसानं. तिचे वडील रहीमभाई ट्रक चालवायचे. मुलगी काटकुळी, पण जीभ धारदार. ती गावात वैदू होती. एकदा तिनं रोग्याला औषध दिलं आणि बाई म्हणाल्या, "नाही उपयोग झाला. मेला."

"का मेला?"

"मी म्हणते म्हणून."

"मग रुक्मिणीचा बैल कसा काय वाचला? तिनं नुसता पाला दिला होता. बाई, तुमाला जी आवडती तिचं जगतंय. आमचं मरतंय. हे गाव न्हाई, तुमचं मन हाय."

बाई मोजू लागल्या. तीनलाच त्या उठल्या, कवड्या उचलल्या, खिडकीतून बाहेर भिरकावल्या आणि निघून गेल्या. तीन दिवस मेहरुन्निसाकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, खेळ संपला. चौथ्या दिवशी दुसरी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'मेहरुन्निसाचा नियम. कुणाच्याही जिवाचा प्रश्न आला की कवड्या टाकायच्या. सगळ्यांसमोर. बाईंचं मत चालणार नाही.'

मला उतरवायला देताना म्हणाल्या, "पोरगी खरं बोलली म्हणून राग आला मला. खोटं बोलली असती तर हसले असते."

त्या एका नियमानं खेळाचा स्वभाव बदलला. गाव तेच, मुली त्याच. पण आधी मुली बाईंच्या तोंडाकडे बघायच्या, आता कवड्यांकडे बघू लागल्या. गोष्टी थोड्या कमी रंगल्या. जपून वागणं वाढलं. एखाद्या म्हातारीला एकटीला विहिरीवर पाठवायच्या आधी दोघी-तिघी विचार करू लागल्या, कारण कवड्यांना दया नव्हती. आणि बाईंनाही पुढे काय होणार ते ठाऊक नसायचं. एकदा सहाच्या सहा पालथ्या पडल्या आणि बाईंच्या लाडक्या रुक्मिणीला जगायला गाव सोडावं लागलं. बाईंनी त्या कवड्या दोनदा मोजून पाहिल्या. मी विचारलं, कुठली वही बरी? तर म्हणाल्या, "नियम म्हणजे कुणाची तरी भीती लिहून ठेवलेली. पहिल्या वहीत मुलींना माझी भीती होती. दुसरीत मला माझी आहे."

पुढे मुली स्वतःच नियम आणू लागल्या. भांडायच्या, हात वर करून मतं घ्यायच्या, आणि पटलेला नियम बाई त्या मुलीच्या नावानं वहीत लिहायच्या. रुक्मिणीचा नियम, शकुंतलेचा नियम, लक्ष्मी गड्डमचा नियम. वर्ष संपेपर्यंत वहीत तेवीस नियम झाले आणि बाईंचे त्यांतले फक्त सात.

शाळेत कवड्या चालतात, म्हणजे जुगार, अशी तक्रार गेली. रहीमभाई स्वतः आले, पोरीचं नाव काढायच्या तयारीनं. मोठ्या बाईंच्या खोलीत ते बोलत असताना दासरी बाई आत शिरल्या. मला वाटलं, आता ह्या माणसाचं काही खरं नाही. पण बाई म्हणाल्या, "भाई, नाव काढा. आधी एक तास खेळा."

"मैं?"

"तुम्हीच."

ट्रक चालवणारा तो सहा फुटी माणूस आठवीच्या मुलींत मांडी घालून बसला. बाईंनी त्यांना चिठ्ठी दिली. वाचून ते लाल झाले. "क्या बाई, मेरेकू औरत बना दिये? वो भी बेवा?"

"दोन लेकरं आहेत. घरात पाणी नाही. विहीर पाटलाच्या वाटेवर. बोला, काय करता?"

आधी ते हसले. मग म्हणाले, पाणी घेऊन येते. पाटलीण झालेल्या मुलीनं विचारलं, कुणाला विचारून? ते कवड्या टाकू का म्हणाले. बाई म्हणाल्या, हा जिवाचा प्रश्न नाही, अजून तरी. मागा. रहीमभाईंनी तोंड उघडलं, मिटलं, मानेला हात लावला. आठवीतली मुलगी समोर, खोटं गाव, कागदाची विहीर. त्यांना 'पाणी द्या' म्हणता येईना. मेहरुन्निसा बापाकडे बघत होती. शेवटी त्यांनी मागितलं, अगदी हळू.

उठताना म्हणाले, "मांगनेकू बहोत शरम आती बाई. मेरेकू मालूम नहीं था." नाव काढलं नाही. मेहरुन्निसा शालान्त परीक्षेपर्यंत शिकली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा नियम आणला: 'पाणी मागायचं असेल तर तोंडानं मागावं लागेल. कवडीनं मागता येणार नाही.' बाईंनी तो वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या कुठल्याच नियमाखाली रेघ नव्हती.

मग जिल्ह्याच्या शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनात खेळ मांडला गेला. एका अधिकाऱ्यांना आवडला. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसांनी लगेच ठरवलं, खेळ संस्थेच्या नावानं छापायचा, सगळ्या शाळांना पुरवायचा. संपादक मंडळ नेमलं. त्यात बाई नव्हत्या. बाईंना सांगितलं, "तुम्ही शिकवा, हे तांत्रिक काम आहे." वही मात्र मागून घेतली.

चिटणीसांना ती वाचता येईना. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी नऊ दिवस त्या खोलीत बसून वही उतरवली, आणि मंडळ सांगेल तसं बदलत गेले. 'कशाची भीती वाटते' हा प्रश्न काढा, मुलांच्या मनावर परिणाम होतो. काढला. विधवा नको, वैदू नको. गृहिणी, परिचारिका, आदर्श शेतकरी घाला. घातले. शिक्षकानं सांगायचं, मुलींनी बोलायचं, हे फार मोघम आहे. प्रत्येक घटनेचं पत्त्याचं पान करा आणि पुढे गुण लिहा. केलं. शेवटी चिटणीस म्हणाले, "आणि ही मुलींची नावं कशाला? उद्या एखादीचा बाप हक्क सांगत येईल. पुढच्या जूनपासून तुम्हाला कायम करायचा विचार आहे आमचा, माहीत आहे ना?"

मी नावं काढली. माझ्या हातानं, एकेक, मुलींच्या सोळाही नियमांवरची. आज हे लिहितानाही मला त्या चिटणीसांचा राग येतो, पण त्यांनी फक्त सांगितलं होतं. पेन माझ्या हातात होतं.

छापून आला तेव्हा खेळाचं नाव होतं 'आदर्श ग्राम'. चौसष्ट पानांची नियमपुस्तिका, गुळगुळीत कव्हर, रंगीत पट. आतल्या पानावर मंडळाची अकरा नावं. कुठेतरी तळाला बारीक टाइपात 'मूळ कल्पना: आमच्या शाळेतील एक शिक्षिका'. आठवीच्या नव्या वर्गाला तो दिला आणि मी दारात उभी राहून पाहिलं. मुली शिस्तीत बसल्या होत्या. एकीनं पान उचललं. "विहीर आटली. वजा दोन. चल, तुझं." दुसरीनं उचललं. "मुलगा आजारी. वजा तीन. परिचारिका असल्यास वजा एक. हाय का परिचारिका? न्हाई? चल." कुणी भांडलं नाही. कुणी रडलं नाही. मिलचा भोंगा झाला तशा उठल्या, खोका भरला, आणि जिंकलेल्या मुलीनं विचारलं, "हे गुण सहामाहीत धरणार का?"

दासरी बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता मोजतील. त्यांनी मोजलं नाही. खोक्यातली पुस्तिका काढली, पान न् पान उलटलं. "माझं नाव नाही ते जाऊ दे," म्हणाल्या. "पोरींची नावं कुणी काढली?"

मी म्हटलं, "मंडळानं."

प्रकाशन समारंभ सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात होता. हार, तुरे, पुण्याचे पाहुणे. स्वागतगीत म्हणायला वरच्या वर्गातल्या मुली आणल्या होत्या, त्यांत मेहरुन्निसा होती. बाई पाचव्या रांगेत बसल्या होत्या. भाषणं झाल्यावर पाहुणे सहज म्हणाले की असा खेळ प्रत्यक्ष बघायला आवडेल. बाई उठल्या आणि मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठावर गेल्या.

"एक डाव खेळू या की," त्या म्हणाल्या. "तुम्ही, तुम्ही आणि चिटणीससाहेब."

लोक हसले. चिटणीसांना नाही म्हणता येईना. टेबलावर पट मांडला. त्यांनी पान उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "विहीर आटली. दोन गुण वजा."

"बरं. मग?"

"मग काय? पुढच्याची पाळी."

"पुढच्याची कशी? तुमच्या घरात पाणी नाही साहेब. लेकरं आहेत. हे पाहुणे तुमचे शेजारी, त्यांच्याकडे एक घागर आहे. मागा."

चिटणीस हसले. "बाई, तसं पुस्तकात नाही."

"चौसष्ट पानं आहेत! पाणी संपल्यावर माणूस माणसाला काय म्हणतो ते कुठल्या पानावर आहे, दाखवा मला. वही दोनशे पानी होती माझी, त्यातली वीससुद्धा भरली नव्हती, आणि त्यात होतं ते. तुम्ही काढलंत. का काढलंत? मागायची लाज वाटते म्हणून?"

"बाई, खाली बसा."

"एका मुलीनं बनवला होता तो नियम! तेरा वर्षांच्या मुलीनं. अकरा माणसांच्या मंडळाला जमला नाही असा!"

तेवढ्यात बाजूच्या रांगेतून मेहरुन्निसा उभी राहिली. आवाज कापत होता, तरी सगळ्या सभागृहात गेला. "माझा हाय तो नियम. माझं नाव होतं त्याच्यावर."

कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. दोन शिपाई बाईंच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. बाईंनी पट हातात घेतला, उभा फाडला, दोन्ही तुकडे टेबलावर नीट ठेवले आणि उतरून आल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या माझ्या शेजारून गेल्या. मी उठले नाही.

आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. बाईंनी उत्तर एका ओळीत दिलं: 'कारणे छापील पुस्तिकेत पान एक ते चौसष्ट.' ते मात्र त्यांनी माझ्याकडून उतरवून घेतलं नाही. स्वतःच्याच अक्षरात पाठवलं. त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या नातेपुत्याच्या शाळेत झाली. जूनमध्ये मी कायम झाले.

तीन वर्षांनी मी नातेपुत्याला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. एस.टी.तून उतरून विचारत विचारत शाळेत पोचले. पत्र्याची इमारत, पुढे लिंबाचं झाड. बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत की बस म्हणाल्या नाहीत.

"बाई, ती नावं मी काढली होती."

"माहीत आहे. माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत होतं?"

"मी माफी मागायला आलेय."

त्यांनी वही मिटली. "मला कशाला? माझं नाव तू नाही काढलंस. मेहरुन्निसा कुठंय आता?"

"लग्न झालं. विजापूरला असते."

"मग सोलापूरहून विजापूरची गाडी मिळते की. इकडं कुठं आलीस?" आवाज चढला. "सगळ्यांना मीच सोपी वाटते. ओरडते आणि विसरते असं वाटतं. मी विसरत नाही मालती. रागाचं काय करायचं ते तू मला सांगू नकोस. तू विजापूरला जा."

मी मान हलवली. विजापूरला मी गेले नाही. पुढच्या सुट्टीत, दिवाळीनंतर, असं करत राहिले. रहीमभाईंच्या घरचा पत्ता माझ्याकडे होता, तरीही. बाईंचा राग निदान समोरच्याच्या तोंडावर तरी जायचा. माझा राग माझ्यापाशीच राहिला आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी नातेपुत्याला मी अजून व्हरांड्यातच उभी होते तेवढ्यात घंटा झाली. आतून मुलींनी हाका मारल्या, "बाई, या की!" बाई उठून गेल्या, मला न सांगता. मी खिडकीशी थांबले. वर्गाच्या जमिनीवर खडूनंच गाव काढलं होतं. भोवती पंधरा-वीस मुली, शेतातून शाळेत आलेल्या, पायांना माती. बाईंसाठी खुर्ची नव्हती. मधोमध उभी राहून सगळं सांगत होती ती एक दोन वेण्यांची मुलगी, कमल. बाई इतरांसारख्या जमिनीवर बसल्या. त्या गावात त्या कुणी सरकार नव्हत्या, एक म्हातारी होत्या.

कमल म्हणाली, "म्हातारे, तुला गावाबाहेर जावं लागतंय. कालच्याला ठरलंय तसं."

"मी जाणार नाही!" बाई गरजल्या. "हे कुठल्या नियमात बसतं? कुणी ठरवलं? मी नव्हते तेव्हा ठरवलं तुम्ही!"

"बाई, तुमी मधीच बोलू नका."

"मधेच कशी? माझ्या घराचा प्रश्न आहे!"

सगळ्या मुली एकदम ओरडू लागल्या. कुणी बाईंच्या बाजूनं, कुणी विरुद्ध. बाई गुडघ्यांवर उठल्या होत्या, चेहरा लालबुंद, बोट कमलच्या दिशेनं. कमल जागची हलली नाही. तिनं हात वर केला आणि सगळ्यांना गप्प केलं.

"तुमचं ऐकनार हाय आमी," ती म्हणाली. "पर आदी शेवंताचं, मग बायडीचं, मग तुमचं. तंवर खाली बसा."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या, पदर ओढून घेतला आणि दात आवळून शेवंता काय म्हणते ते ऐकू लागल्या.

माझी गाडी चुकायला आली होती. फाटकापाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, ताठ. शेवंताचं अजून संपलं नव्हतं.